दोरीवरची पोर, तंबूतली सर्कस

धाराशिव जिल्ह्यात ज्यांचं बालपण आठवडी बाजारात आणि जत्रांत गेलं, त्यांना डोंबाऱ्याचा खेळ समजावून सांगावा लागत नाही. येरमाळ्याची येडेश्वरीची चैत्री यात्रा असो, तुळजापूरचं नवरात्र असो, की एखाद्या गावचा बाजार, ढोलकीची थाप कानावर आली की पोरं तिकडं पळत सुटायची. मोकळ्या जागेत दोन बाजूंना बांबूंच्या कैच्या उभ्या असत. त्यांवरून दोर ताणलेला, आणि दोराची दोन्ही टोकं जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना घट्ट बांधलेली.

आठ-नऊ वर्षांची मुलगी कैचीवरून सरसर वर चढायची. तोल सांभाळायला हातात आडवा बांबू. पहिली फेरी नुसती अनवाणी. दुसऱ्या फेरीला डोक्यावर एकावर एक ठेवलेले तांबे. तिसऱ्या फेरीला पायाखाली पितळी थाळी किंवा सायकलची रिकामी रिंग, आणि ती दोरावरून इंचाइंचानं पुढं सरकवत पोर पलीकडं जायची. तिची नजर पायांकडं नसायची. समोरच्या कैचीत दोन बांबू जिथं एकमेकांना छेदतात, त्या जागेवर ती खिळलेली असे. खाली बाप ढोलकी वाजवत, गर्दीशी बोलत फिरत राही, आणि बोलता बोलता पायानं खुंटा दाबून पाही. उन्हात दोर सैलावतो, गर्दीच्या रेट्यानं खुंटा हलतो, हे त्याला पक्कं ठाऊक असे. खेळ संपला की आई परात फिरवी. कुणी नाणं टाकी, कुणी ओंजळभर ज्वारी. मग गाढवांवर बिऱ्हाड लादून पुढच्या गावची वाट.

मराठी सर्कसचा इतिहास १८८० पासून सांगितला जातो. त्यात तंबू येतो, मालक येतात, घोडे आणि वाघ-सिंह येतात. ही मुलगी येत नाही. सर्कशीला जे लागतं ते कोवळं अंग, तो तोल, उंचीच्या भीतीवरचा तो ताबा, हे सगळं या मुलखात तंबू येण्याच्या कितीतरी आधीपासून पालावर तयार होत होतं. तिला वगळून सांगितलेला इतिहास अर्धा आहे, आणि तो अर्धा राहिल्याची किंमत तिच्याच घराला मोजावी लागली.

अंग कमावण्याची इथली परंपरा लेखी रूपातही जुनी आहे. उमरग्याहून कर्नाटकची हद्द ओलांडली की थोड्याच अंतरावर बसवकल्याण लागतं. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. इथल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकीचे प्रकार सांगताना त्यात मल्लांचा खुराक, त्यांचा सराव यांचं वर्णन आहे, आणि खांबावरच्या मेहनतीचा उल्लेखही आहे. मल्लखांबाची मंडळी आपल्या विद्येचा सर्वांत जुना पुरावा म्हणून याच ग्रंथाकडं बोट दाखवतात.

मल्लखांबाला नवं आयुष्य मिळालं ते दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात आले आणि पेशव्यांच्या पैलवानांना त्यांनी आव्हान दिलं. ते स्वीकारलं बाळंभटदादा देवधरांनी. सप्तशृंगीला जाऊन त्यांनी देवीची आराधना केली, माकडांच्या झेपा पाहून खांबावरच्या उड्या बसवल्या आणि परत येऊन अलीला चीत केलं, अशी हकिगत सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला तरी बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेनं ही विद्या महाराष्ट्रभर आणि बाहेरही नेली, हे खरं. साधारण साडेआठ फूट उंचीचा, वर निमुळता होत गेलेला शिसवी किंवा सागवानी खांब. त्याला एरंडेल चोळायचं आणि मग अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा, फरारे अशी एकेक उडी अंगात मुरवायची. लाकडी खांबाबरोबर वेताचा मल्लखांब आला, पुढं वेताची जागा दोरीनं घेतली. कुरुंदवाड, मिरज, सांगली या पटवर्धनी संस्थानांत तालमींना आश्रय होता, आणि मराठी सर्कस जन्मली ती त्याच पट्ट्यात.

ती उभी करणारे विष्णुपंत छत्रे मूळचे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. गाणं शिकायची ओढ त्यांना ग्वाल्हेरला घेऊन गेली. तिथं हद्दूखाँसारख्या उस्तादाची तालीम मिळाली, आणि बाबासाहेब आपट्यांकडून घोड्यावरची विद्याही. नंतर ते कुरुंदवाडकरांच्या पदरी राहिले. इटालियन सर्कसवाला जुझेप्पे कियारिनी मुंबईत आला तेव्हा कुरुंदवाडचे अधिपती आणि विष्णुपंत दोघेही त्याचा खेळ पाहायला गेले होते. हिंदुस्थानात अशी सर्कस उभी राहायला अजून बरीच वर्षं लागतील, अशा अर्थाचं काहीतरी कियारिनी बोलला आणि ते विष्णुपंतांना लागलं, असं सर्कसच्या दुनियेत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. २० मार्च १८८० रोजी मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ झाला. घोड्यांवरच्या कसरती खुद्द विष्णुपंतांच्या. त्यांच्या पत्नी झुल्यावरची कामं करत आणि जनावरंही हाताळत. त्या काळातल्या मराठी घरंदाज स्त्रीनं हे केलं, ही गोष्ट सर्कसच्या इतिहासात नुसती एका ओळीत उरकली जाते याचं वाईट वाटतं.

या सर्कशीबरोबर एक गवईही हिंडत असे. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ काशीत अत्यंत हलाखीत, मनाचा तोल गेलेल्या अवस्थेत विष्णुपंतांना सापडले. विष्णुपंतांनी त्यांना सोबत घेतलं, सांभाळलं, आणि गावोगावी लोकांना ऐकवलं. विष्णुपंतांच्या पश्चात धाकटे बंधू काशिनाथपंत यांनी तो वसा चालवला. ‘भूगंधर्व’ म्हणून ओळखले गेलेले रहिमतखाँ १९२२ साली कुरुंदवाडलाच वारले. ग्वाल्हेर घराण्याचा एक थोर आवाज सर्कशीच्या तंबूनं वाचवला, ही मराठी सर्कससाठी मोठीच अभिमानाची गोष्ट आहे.

कसरतीची मुलं मात्र विष्णुपंतांनी दूरवर शोधली. १८८७ मध्ये सर्कस केरळात तलश्शेरीला गेली. तिथं कीलेरी कुन्हिकण्णन हे कळरीपयट्टूचे जाणकार शिक्षक होते. दोघांत ठरलं ते असं: कुन्हिकण्णननी मुलं तयार करायची, विष्णुपंतांनी त्यांना काम द्यायचं. पुढच्याच वर्षी शिकवणी सुरू झाली आणि १९०१ मध्ये चिरक्करा इथं सर्कसची रीतसर शाळा उभी राहिली. १९०४ मध्ये तिथल्याच परियाली कण्णननी ‘ग्रँड मलबार सर्कस’ काढली, आणि बघता बघता भारतीय सर्कसचं माहेरघर कृष्णाकाठावरून मलबारात गेलं. पुढच्या शंभर वर्षांत देशभरच्या तंबूंतले झुल्यावरचे बहुतेक उस्ताद मल्याळी निघाले ते यामुळं.

घरच्या अंगणात डोंबारी, कोल्हाटी, खेळकरी गोपाळ असताना विष्णुपंतांना तलश्शेरी का लागली? एक कारण सरळ आहे. कुन्हिकण्णनकडं शाळा होती. तिथून एका वयाची, एका शिस्तीत वाढलेली दहा-वीस मुलं एकदम मिळत. डोंबाऱ्याच्या पालावर विद्या आईबापाकडून लेकराकडं जाई; ती कुटुंबाला चिकटलेली असे आणि एखादंच लेकरू उचलून नेलं तर सगळा संसार कोसळे. दुसरं कारण समाजाचं. सर्कस चालवणाऱ्यांना आपला धंदा प्रतिष्ठित म्हणून उभा करायचा होता. संस्थानिक आणि साहेब लोक पुढच्या खुर्च्यांवर बसणार होते. गावाबाहेर उतरणाऱ्या, शिळी भाकरी मागणाऱ्या माणसांशी आपलं नातं दाखवणं त्यांना परवडणारं नव्हतं.

सर्कशीत वाढलेल्या मुलाचं नशीब कुठवर जाऊ शकतं, ते दामू धोत्र्यांनी दाखवलं. १९०२ साली पुण्यात जन्मलेला हा मुलगा दहा वर्षांच्या आसपास मामा तुकाराम शेलार यांच्या सर्कशीत शिरला. आधी अंगाच्या कसरती, सायकलवरचे खेळ, मग जनावरं. वाघ-सिंह-बिबटे एकाच पिंजऱ्यात खेळवणाऱ्या आल्फ्रेड कोर्ट या फ्रेंच उस्तादाबरोबर काम करत ते अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या बलाढ्य सर्कशीत पोचले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकी सैन्यात नोकरीही केली. १९७३ मध्ये पुण्यातच त्यांचा अंत झाला. भानू शिरधनकरांनी शब्दबद्ध केलेलं त्यांचं ‘वाघ-सिंह माझे सखे सोबती’ कित्येक मराठी मुलांनी शाळेच्या वाचनालयातून नेऊन वाचलं आहे.

शेलार, देवल, कार्लेकर यांच्या सर्कशी गाजल्या. पण अशा सर्कशीला रेल्वे लागते. जनावरं, तंबूचे खांब, फळ्या, दिवे, दीड-दोनशे माणसं हे सगळं बैलगाड्यांवरून किती ओढणार? धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि रेल्वेच्या नकाशावर कडेलाच पडलेलं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये आली, पुढं येडशी-तडवळ्यावरून १९११ मध्ये लातूरला पोचली; जिल्ह्याच्या शहराला तिनं वळसाच घातला. धाराशिव शहरात रेल्वे आली ती एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. मोठी सर्कस पाहायची तर सोलापूर गाठावं लागे. परंडा-भूमच्या, लोहारा-कळंबच्या खेड्यातल्या माणसाला वर्षातून एकदा माणसाचं शरीर काय करू शकतं हे दाखवलं ते गाढवांवरून आलेल्या डोंबाऱ्यांनीच. त्या काळात या मुलखाची सर्कस तीच होती.

या डोंबाऱ्यांच्या मागं सरकार कसं लागलं, तेही याच इतिहासाचं अंग आहे. १८७१ मध्ये, म्हणजे ग्रेट इंडियन सर्कसच्या नऊच वर्षं आधी, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या दुरुस्तीनंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, आणि धाराशिवला लागून असलेल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत उभी राहिली. ‘सेटलमेंट’ हे नाव त्या शहरात आजही रुळलेलं आहे. कोल्हाटी-डोंबारी आज महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जातींत नाहीत, भटक्या जमातींत आहेत. पण कुंपणाच्या आत कैकाडी-पारधी असले तरी संशय बाहेर पाल ठोकणाऱ्या प्रत्येकावर पडायचा. गावात चोरी झाली की पाटील-पोलीस आधी पालावर जात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. सात वर्षांनी नवा आला.

मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९. त्या वेळी मराठवाडा मुंबई राज्यातच होता. भीक म्हणजे काय, हे सांगताना या कायद्यानं गाणं, नाच, भविष्य सांगणं यांच्या जोडीला करामती दाखवून पैसे घेणंही धरलं. पहिल्या दोषसिद्धीलाच एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवण्याची तरतूद केली. तीच मुलगी तेच काम तंबूत, तिकीट लावून करती तर ती कलावंत ठरली असती. भर चौकात, उघड्या आभाळाखाली केलं, म्हणून ती भिकारी. दिल्ली उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

अशाच रस्त्यावरच्या कसरतवाल्यांचं दुसऱ्या एका देशानं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. चीनच्या हपै प्रांतात वूच्याओ नावाचा तालुका आहे. तोही कोरडवाहू, दुष्काळ आणि पूर या दोन्हींनी गांजलेला, आणि त्यामुळंच पिढ्यान्‌पिढ्या खेळ करत देशोधडी हिंडणाऱ्यांचा. आपल्याकडच्या डोंबाऱ्यांसारखीच त्या कसरतवाल्यांची समाजात किंमत शून्य होती. १९५० मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या पुढाकारानं अशा कलावंतांना गोळा करून राष्ट्रीय कसरत पथक उभं राहिलं आणि नव्या चीनचं प्रतिनिधी म्हणून ते परदेशांत गेलं. १९८० च्या दशकात वूच्याओत कसरतीची शाळा निघाली, प्रांताच्या राजधानीत आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, आणि २००६ मध्ये वूच्याओची कसरत देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

तिथली शिकवण सोपी मुळीच नाही. सहा-सात वर्षांची मुलं भल्या पहाटे उठून भिंतीला पाय लावून हातांवर उभी राहतात, दंड थरथरायला लागले तरी गुरुजींनी सांगेपर्यंत खाली यायचं नसतं. कंबर, पाय, कोलांटी आणि हातांवर उभं राहणं, हे चार पाये पक्के झाल्याशिवाय थाळ्या, रांजण, सायकल यांना हात लावू देत नाहीत. त्या शिस्तीत मुलांच्या डोळ्यांतून पाणीही येतं, आणि त्याबद्दल तिथंही टीका होते. पण त्या मुलांना वर्ग आहे, वसतिगृह आहे, हातात दाखला मिळतो. आपल्या दोरीवरच्या पोरीला हजेरीपटावर नावसुद्धा नव्हतं.

भारतीय सर्कशीतही मुलांचं सगळं सुखाचं नव्हतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेपाळमधून, गरीब घरांतून लहान मुली करारावर आणल्या जात आणि वर्षानुवर्षं तंबूत अडकून पडत. मारहाण, अत्याचार, घरी न जाऊ देणं अशी प्रकरणं उघड झाली. ‘बचपन बचाओ आंदोलन’नं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १८ एप्रिल २०११ रोजी न्यायालयानं सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर बंदी घालण्याचे निर्देश दिले. वाघ-सिंहांचे खेळ त्याआधीच गेले होते. २०१६ मध्ये बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात मुलांना चित्रपटात, मालिकेत, जाहिरातीत, खेळांत काम करायला अटींवर मुभा ठेवली आणि सर्कस नावानिशी वगळली. हे योग्यच झालं. आठ वर्षांच्या पोरीनं घराची चूल पेटवण्यासाठी वीस फूट उंचीवरून जिवाशी खेळावं, असं कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. मुलगी दोरीवरून खाली उतरली, पण तिच्या घरच्या विद्येला खाली उतरायला जागा कुठं होती? केरळ सरकारनं २०१० मध्ये तलश्शेरीत सर्कस अकादमी काढून पाहिली. ती टिकली नाही, पण निवृत्त सर्कस कलावंतांना तिथं निवृत्तिवेतन मिळतं. आपल्याकडं कोल्हाटी घरांतल्या कोलांटउड्या मागं पडल्या, मुली नाचाच्या बारीवर गेल्या, आणि सोलापूर–धुळे रस्त्यावर कला केंद्रांचे दिवे लागले. धाराशिवला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातल्या नेरल्याचे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून त्या घरातलं दुःख मराठी वाचकापुढं उघडं केलं. ज्या वयात मुली पूर्वी दोरीवर चढायच्या, त्याच वयात आता घुंगरू बांधू लागल्या, एवढाच तो बदल.

जिल्ह्यानं काही चांगलंही पाहिलं आहे. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. पोलीस दिसला की पळायची सवय लागलेली पारधी मुलं तिथं बाकावर बसायला शिकली. प्रभुण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मैदानात पाहावं तर याच जिल्ह्यानं खो-खोतली सारिका काळे दिली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी भारताची कर्णधार आणि २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. पोटाला नीट मिळत नसलेल्या घरातून ती आली. तिला मैदान मिळालं, शिकवणारा मिळाला, आणि बाकीचं तिनं स्वतः केलं.

मल्लखांबाचेही दिवस पालटले आहेत. २०१९ मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ‘खेलो इंडिया’त त्याचा समावेश झाला, आणि दादरच्या समर्थ व्यायाममंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मुली दोरीच्या मल्लखांबावर जी कामं करतात, त्यांतला तोल आणि लवचीकपणा पालावरच्या पोरीला जन्मापासून ओळखीचा आहे. लहानपणी दोरीवर चाललेल्या बायका आज साठी-सत्तरीच्या आहेत. दोर किती ताणायचा, कैचीचे पाय किती फाकवायचे, पडताना अंग कसं सोडायचं, हे त्यांना विचारलं तर सांगता येईल. जिल्हा क्रीडा कार्यालयानं त्यांना मानधन देऊन मल्लखांबाच्या मैदानावर शिक्षक म्हणून बोलवावं, आणि त्यांच्या नातींची नावं शाळेच्या हजेरीपटाबरोबर त्या मैदानाच्या सरावयादीतही घालावीत.